फाइलीतून हरवलेल्या जिजाबाई

१

उन्नती रामटेके रडत आली असती तर दामिनीताईंना नवल वाटलं नसतं. पीएच.डी.ची पोरं शेवटच्या महिन्यात त्यांच्या मनीषनगरच्या घरी रडतच यायची. पण ही पोरगी यशाची बातमी घेऊन आली होती, आणि चेहरा मात्र घर फोडलं गेल्यासारखा.

“मॅडम, माझं मॉडेल पास झालं.”

“अगं, मग पेढे कुठे आहेत?”

“तेच सांगायला आली. ते खरं नाही. फाइलीत कोणीतरी हात घातला आहे.”

दामिनी ठवकरांनी उभा जन्म मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोजमाप शिकवण्यात घालवला होता. बुद्धी, भीती, दुःख अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजायच्या कशा, हा त्यांचा विषय. निवृत्त होऊनही तो सुटला नव्हता. त्यांनी उन्नतीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, समोर बसवलं आणि म्हटलं, “पहिल्यापासून सांग. मला काही माहीत नाही असं समजून सांग.”

उन्नतीनं म्हाताऱ्या बायांचा एकटेपणा मोजण्यासाठी प्रश्नावली केली होती. प्रश्न वऱ्हाडी बोलीतले, कारण ‘आपणांस एकाकी वाटते काय?’ असं कोणी विचारलं तर आपल्याकडची म्हातारी आधी घाबरते. नागपुरातल्या वस्त्यांमधून तिनं एका गटाची उत्तरं गोळा केली. कोणते प्रश्न एकमेकांचा हात धरून चालतात, कशाला किती वजन द्यायचं, हे त्यांच्यावरून ठरवलं. ते झालं तिचं मॉडेल. मग दुसरा गट, अगदी वेगळ्या बायांचा. त्यांची उत्तरं फाइलीत बंद. मॉडेल पूर्ण होईपर्यंत ती फाइल कोणी उघडायची नाही.

“का बरं?” दामिनीताईंनी मुद्दाम विचारलं.

“तुम्हीच तर शिकवलं, मॅडम. ज्या बाईच्या मापानं ब्लाउज शिवलं, तिलाच घालून पाहिलं तर ते बसणारच. शिवणारा चांगला की नाही, ते दुसऱ्या बाईच्या अंगावर कळतं.”

“आणि दुसऱ्या बाईच्या अंगावर काय होतं?”

“कुठेतरी ओढतंच. खांद्यात नाही तर काखेत.” उन्नतीचा आवाज खाली आला. “काल फाइल उघडली. मॅडम, कुठेच ओढत नाही. पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटावर माझं मॉडेल जास्त चांगलं बसलं.”

बाहेर भाजीवाल्याची हाक ऐकू आली. दामिनीताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. अनोळखी माणसं इतकी आज्ञाधारक नसतात.

“उन्नती,” त्या म्हणाल्या, “या फाइलीतल्या बाया खऱ्या नाहीत.”

२

ही गोष्ट गप्प बसून पचवता आली असती. पुढल्या सोमवारी समितीसमोर सादरीकरण होतं. शहरात ‘सोबत’ नावाची एक संस्था होती. म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी गप्पा मारायला पाठवायची तिची योजना होती, आणि कोणत्या घरी माणूस पाठवायचा ते उन्नतीच्या मोजपट्टीवरून ठरणार होतं. मोजपट्टी चुकली असती तर जिला खरी गरज तिच्या दारात कोणीच गेलं नसतं. उन्नतीला ते दिसत होतं. म्हणूनच ती पेढ्यांऐवजी संशय घेऊन आली होती.

फाइलीपर्यंत पोहोचू शकणारी माणसं चारच. खुद्द उन्नती. विभागातला प्रशिक, जो सगळी आकडेमोड बघायचा. मार्गदर्शक कृष्णकांत सर. आणि रोशनी, जिनं दारोदारी फिरून उत्तरं टॅबलेटवर भरली होती. फाइल विभागाच्या संगणकावर होती आणि तिचा पासवर्ड चौघांनाही ठाऊक. कुलूप काय ते शब्दाचंच होतं.

कोणालाही विचारलं असतं तर त्यानं रोशनीकडेच बोट दाखवलं असतं. सर्वेक्षण करणाऱ्या पोरी झाडाखाली बसून उत्तरं भरतात, हा आरोप जुना आहे. दामिनीताईंनी तिलाच आधी बोलावलं, पण विभागात नाही. सीताबर्डीवर मेट्रोच्या खाली बसून दोघींनी तर्री-पोहे खाल्ले. रोशनीनं प्लेट संपेपर्यंत मान वर केली नाही.

“मॅडम, तुम्हाले वाटून राहिलं का मीनं खोटं भरलं म्हणून?”

“मला अजून काहीच वाटत नाही. तुला कोणती बाई आठवते तेवढं सांग.”

रोशनीनं रिकामी प्लेट बाजूला सारली. मग म्हणाली, “बेशाच्या जिजाबाई.”

“का बरं?”

“भरलं घर आहे त्यांचं. लेक, सून, नातवंडं. पहिले त्यांचं वावर होतं तिथं, आता बिल्डिंगा झाल्या. मीनं एकेक सवाल विचारला. एकटं वाटते का? नाही वं, मले काहून एकटं वाटन? कोणी बोलाले नाही असं होते का? नाही वं, घर भरलं आहे माह्यं. सगळ्याले नाही, नाही, नाही. पण मॅडम, सगळा वेळ माह्या मनगटाले धरून बसल्या होत्या. मी उठली, त मले म्हणे, तुह्या कागदात अजून काही सवाल नाही का वं?”

दामिनीताईंनी चमचा खाली ठेवला.

सगळ्यांना ‘नाही’. घरी येऊन त्यांनी उन्नतीनं आणून दिलेली फाइलीची प्रत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारी एकही बाई त्यात नव्हती; प्रत्येकीचं एखादं तरी ‘हो’ होतंच.

३

एकतर रोशनीनं जिजाबाई रचल्या होत्या, नाहीतर कोणीतरी जिजाबाईंना पुसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दामिनीताई उन्नतीला घेऊन शहराच्या कडेला बेशाला गेल्या.

घर सापडायला वेळ लागला, कारण ज्याला विचारावं तो आपल्याच बिल्डिंगीचं नाव सांगे. शेवटी दोन उंच इमारतींच्या मध्ये एक बैठं घर निघालं. ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता, पोरं हसत होती, कोणाचा तरी फोन वाजत होता.

“जिजाबाई तुम्हीच का?”

“हो वं. कोणाच्या तुम्ही?”

“आमची रोशनी आली होती ना मागे, प्रश्न विचारायला.”

म्हातारीचा चेहरा उजळला. “ते काळी-सावळी, हासरी पोरगी? कानात निळे झुमके? कुठी आहे ते? आणली काहून नाही तिले? मीनं तिले म्हटलं होतं, परत ये म्हणून.” आणि लसणाची परडी बाजूला सारून तिनं ओट्यावर जागा केली. “बसा न. उभ्या काहून?”

दोघी बसल्या. सून येऊन चहा देऊन गेली. चांगली होती बिचारी, पण घाईत होती. जिजाबाई बोलत राहिल्या. विहीर कुठे होती, संत्र्याची झाडं कुठे होती, शेजारीण रखमा कुठे राहत होती आणि ती पोराकडे पुण्याला गेली ते परत आलीच नाही. उन्नतीनं न राहवून विचारलं, “आजी, एकटं वाटतं का हो कधी?”

जिजाबाईंनी दाराकडे पाहिलं. आत लेक जेवत होता. “नाही वं,” त्या म्हणाल्या, “मले काहून वाटन? एवढं घर आहे.”

निघताना त्यांनी उन्नतीचा हात बराच वेळ सोडला नाही.

ऑटोत बसल्यावर उन्नती म्हणाली, “रोशनी खरी आहे, मॅडम.”

“हो. आणि आणखी एक सांगते. खोटं करणाऱ्याला तुझं मॉडेल माहीत असायला पाहिजे. कोणता प्रश्न कोणाबरोबर चालतो ते ठाऊक असल्याशिवाय उत्तरं इतकी जुळवता येणार नाहीत. रोशनीनं मॉडेल कधी पाहिलंच नाही.” दामिनीताईंनी बोटांवर मोजलं. “म्हणजे आता उरले विभागातलेच.”

उन्नतीनं चेहरा रस्त्याकडे वळवला.

४

प्रशिक संगणकासमोर बसला होता. हुशार पोरगा, थोडा उतावळा. दामिनीताईंनी विचारायच्या आधी तोच सुरू झाला.

“मॅडम, मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो होतो, वेगळा गट ठेवायची गरज नव्हती. दोन्ही गट एकत्र घेतले असते तर बाया जास्त झाल्या असत्या, मॉडेल पक्कं झालं असतं. तपासणी काय, त्यातल्या त्यात संगणकानं आलटून-पालटून करता येते.”

“ती तपासणी चांगलीच असते. पण ते एकाच घरातले पाहुणे इकडच्या पंगतीतून तिकडच्या पंगतीत बसवणं झालं, प्रशिक. नवा माणूस दारातून आत आला पाहिजे ना.”

“सर पण हेच म्हणायचे. आमचं भांडण व्हायचं यावर. सर म्हणत, बंद फाइल नसेल तर मी सहीच करणार नाही.”

“मग तू फाइल उघडली होतीस का आधी?”

प्रशिकचे कान लाल झाले. “उघडायची इच्छा झाली होती. नाही उघडली. उन्नतीनं बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं होतं, पाहायचं नाही म्हणून. तिचे बाबा गेले त्याच आठवड्यात. तिला फसवून मला घरी जेवता आलं नसतं.”

हे उत्तर खोटं बोलणाऱ्याचं वाटलं नाही. पण नुसतं वाटण्यावर दामिनीताई थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मॉडेल पहिल्यापासून असंच आहे?”

“नाही. दिवाळीत बदललं. झोपेचा प्रश्न काढला आम्ही. ‘रात्री झोप लागत नाही’ हा. सुरुवातीला तो एकटेपणात धरला होता. पण पहिल्या गटात तो काही केल्या बाकीच्यांबरोबर चालेना. उन्नती जाऊन बायांना भेटली. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला उकडते. एकटेपणाचा काही संबंध नाही. मग मीच तो मॉडेलमधून काढला. प्रश्न विचारलेला आहे, उत्तरं फाइलीत आहेत, पण मोजत नाही.”

“दाखव मला. दुसऱ्या गटातली झोपेची उत्तरं.”

प्रशिकनं पडद्यावर काढून दिली आणि तोही पुढे वाकला. बंद फाइलीतली जी जी बाई एकटी होती, तिला झोप नव्हती. जिच्याकडे बोलायला कोणी नव्हतं, ती रात्रभर जागी. जिचं घर भरलेलं, ती गाढ झोपलेली. एकही चुकलेली नाही.

“असं कसं होईल?” प्रशिक पुटपुटला. “पहिल्या गटात तर काहीच संबंध नव्हता.”

ज्यानं ही उत्तरं लिहिली त्याला मॉडेल माहीत होतं, पण दिवाळीच्या आधीचं. झोपेचा प्रश्न काढला हे त्याला ठाऊक नव्हतं. उन्नतीनं आणि प्रशिकनं तो स्वतः काढला होता.

आणि दिवाळीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी विभागात कोण नव्हतं, हे विचारायची गरजच नव्हती. डोळ्यांत थेंब घालायला दामिनीताईच त्यांच्या घरी जाऊन यायच्या.

५

कृष्णकांत सरांनी दार उघडलं तेव्हा दुपारचं ऊन थेट बैठकीत आलं होतं. पत्नी जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती, पण सोफ्यावरची तिची जागा त्यांनी अजून रिकामीच ठेवली होती. दामिनीताई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

“चहा करतो,” सर म्हणाले.

“बसा हो, कृष्णकांत. एक विचारते, खरं सांगा. झोप लागते तुम्हाला?”

सर हसले. “या वयात कोणाला लागते?”

“पुष्कळांना लागते. उन्नतीच्या पहिल्या गटात किती तरी एकट्या बाया गाढ झोपतात. ज्यांना लागत नाही त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून पोरांनी तो प्रश्न दिवाळीत काढून टाकला. तुम्हाला मसुदा पाठवला होता. डोळ्यावर पट्टी असल्यानं तुम्ही न वाचताच ठीक आहे म्हणालात.”

सरांचा हात टेबलावर होता तो तिथेच राहिला.

“बंद फाइलीत मात्र प्रत्येक एकटी बाई जागी आहे,” दामिनीताई हळूच म्हणाल्या. “यंत्रानं आकडे पाडले असते तर ते इतके माणसासारखे नसते. कोणीतरी एकेक उत्तर बसून लिहिलं आहे. एकटं माणूस कसं असतं, हे ज्याला एकाच माणसावरून माहीत आहे, अशा कोणीतरी.”

सरांनी चष्मा काढला. नवीन भिंग असलेले त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी फाइल तिच्यासाठी उघडली, दामिनीताई. एवढंच पाहायचं होतं की वाईट काही असेल तर आधी तिच्या मनाची तयारी करता येईल. तिचे वडील धोंडबा गेल्यावर ती माझ्यासमोर बसून म्हणाली होती, सर, आता हे पडलं तर मी परत उभी नाही राहू शकणार. आणि मी पाहिलं, तर सगळं पडलेलं. काहीच बसत नव्हतं.”

“मग?”

“मग मी एकेक बाई मनात उभी केली. ही कुठे राहत असेल, हिच्याकडे कोण येत असेल. दुपारभर लिहायचो. चार बाया झाल्या की थकायचो.” ते थांबले. “एकटी बाई काय उत्तर देईल ते मला कुठून कळणार? मी माझंच लिहीत गेलो.”

दामिनीताईंना रागवायचं होतं. वेगळ्या गटासाठी भांडणारा, सही अडवणारा हा माणूस, आणि शेवटी त्यानंच हे करावं! पण शब्द आले ते वेगळेच.

“मला का नाही सांगितलं? झोपेचं?”

“काय सांगणार होतो?”

थोड्या वेळानं त्यांनी उठून देव्हाऱ्याच्या खणातून पेनड्राइव्ह काढून आणला. “खरी फाइल पुसायचा धीर झाला नाही. त्या बायांनी वेळ दिला होता. घेऊन जा. आणि समितीला सोमवारी मीच सांगतो. पोरीवर एक डागसुद्धा यायला नको.”

६

उन्नतीला सांगणं सगळ्यात कठीण होतं. सर स्वतः गेले. दामिनीताई सोबत होत्या, पण त्या मध्ये पडल्या नाहीत.

उन्नती ऐकत गेली. मग उभी राहिली आणि पहिल्यांदाच सरांशी चढ्या आवाजात बोलली. “सर, तुम्ही मला पडू द्यायचं होतं! माझ्यात ताकद नाही हे मी म्हटलं असेल. दुःखात माणूस काहीही म्हणते. तुम्ही ते खरं काहून मानलं?”

सर मान खाली घालून उभे राहिले. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही.

सोमवारी त्यांनी समितीसमोर सगळं सांगितलं आणि त्यांचं मार्गदर्शकपद गेलं. उन्नतीचं काम दामिनीताईंकडे आलं. ‘सोबत’वाल्यांना थांबा म्हणून कळवलं. मग प्रशिक, रोशनी आणि उन्नती खरी फाइल उघडून बसले. मॉडेल खरंच पडलं होतं, पण सगळीकडे नाही. जिथे बाई एकटी राहत होती तिथे ते बऱ्यापैकी उभं होतं. कोसळलं होतं ते भरल्या घरांत. पहिला गट शहरातल्या एकट्या राहणाऱ्या बायांनी भरलेला. दुसऱ्यात लेक-सुनांच्या घरातल्या बाया जास्त. ‘नाही, नाही, नाही’ म्हणणाऱ्या जिजाबाई एकट्या नव्हत्याच. तशा कितीतरी निघाल्या.

“लेकाच्या घरात बसून ‘मी एकटी आहे’ म्हणणं म्हणजे लेकाची बदनामी,” रोशनी म्हणाली. “कोण म्हणन तसं?”

उन्नती पडद्याकडे पाहत राहिली. “म्हणजे मी प्रश्नच चुकीचा विचारून राहिली होती. एकटं वाटते का, हे विचारायचंच नाही. शेवटचं मनभर कधी बोलल्या, कोणाशी बोलल्या, ते कोण होतं, आता कुठे आहे, हे विचारायला पाहिजे.”

“या फाइलीवरून नवे प्रश्न बनवू,” प्रशिक उत्साहानं म्हणाला, आणि मग स्वतःच थांबला. “पण मग या बाया तपासणीला चालणार नाहीत.”

“नाही चालणार,” दामिनीताई म्हणाल्या. “आपण त्यांना पाहिलं आता. त्यांच्या मापानं शिवलं की त्यांच्यावर तपासता येत नाही. परत नव्या घरी जावं लागेल.”

“म्हणजे अजून वर्ष गेलं.”

“जाईल.”

दामिनीताईंना वाटलं, आता ही पोरगी रडेल. उन्नती रडली नाही. तिनं रोशनीला विचारलं, “कामठीकडे कोणी ओळखीचं आहे का गं?”

पाऊस-पाणी, सणवार होऊन गेले. नव्या प्रश्नांचं मॉडेल तयार झालं, नवी फाइल बंद झाली. या खेपेला पासवर्ड एकट्या दामिनीताईंकडे होता. ज्या दिवशी ती उघडायची होती, त्याच्या आदल्या सकाळी उन्नतीनं सगळ्यांसमोर फोन लावला.

“सर, उद्या फाइल उघडणार आहे.”

पलीकडून आवाज आला तो इतका हळू, की तिला फोन कानाला दाबून धरावा लागला. “छान. पण मला काही दाखवू नकोस बेटा. मला त्यातलं काहीच सांगू नकोस.”

“फाइलीसाठी नाही फोन केला. आईनं वडाभात केला आहे. बाबांच्या मागे घरात वडाभात आजच पहिल्यांदा होऊन राहिला. तुम्ही जेवायला या, असं म्हणते.”

दामिनीताई उगीच टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या.

दुपारी कृष्णकांत सर आले. हातात पिशवीभर संत्री, अंगात इस्त्रीचा सदरा. उन्नतीच्या आईनं पाट मांडला, फोडणीचं तेल गरम करून भातावर ओतलं, आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या सरांना म्हणाली, “या न भाऊ, उभे काहून? भात थंडा होऊन राहिला.”

सर पाटावर बसले. उन्नतीनं त्यांच्या ताटात वडे कुस्करले, आणि दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला नाही.